गाळणीचा गळा

आमच्या घरी आत्याचा मिरजेचा तंबोरा होता. रोज संध्याकाळी ती तो लावायला बसायची आणि मी शेजारी बसून पाहायचे. तारा सुरात आल्या तरी तिचं काम संपत नसे. मग ती घोडीवर एकेका तारेखालचा सुती दोरा नखाने किंचित पुढे-मागे करायची. दोरा केसभर सरकला की आवाज उघडायचा. तार तीच, सूर तोच, पण आता त्याला किनार यायची आणि षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायचा. ‘हा कोणी वाजवला?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘कोणी नाही. तो स्वयंभू आहे,’ आत्या म्हणाली.

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, पुण्यातल्या एका मित्राच्या खोलीत, तोच गंधार मला पुन्हा भेटला. तिथे तंबोरा नव्हता. लाकडी चौकटीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, त्यांवर नॉब आणि मधून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. मित्राने ११० हर्ट्झचा करवती तरंग सुरू केला. कानाला खरखरीत लागणारा, एकसुरी आवाज. तो त्याने एका फिल्टरमधून नेला, फिल्टरचा रेझोनन्स अगदी काठापर्यंत वाढवला आणि मला म्हणाला, ‘आता हा मोठा नॉब फिरव, पण घाई करू नकोस.’ मी फिरवला. आधी २२० हर्ट्झचा, म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज स्वच्छ शिट्टीसारखा उमटला. थोडं पुढे ३३०, पंचम. मग ४४०, पुन्हा षड्ज. आणि त्यापुढे, अंगठ्याच्या इतक्याशा हालचालीवर, ५५०. गंधार. आत्याचा गंधार. त्याच्याही पुढे सातवा उपस्वर आला, हार्मोनियमच्या कोमल निषादापेक्षा जरा उतरलेला. मी नॉब परत मागे आणला, पुन्हा पुढे नेला. त्या संध्याकाळी मी दुसरं काहीच केलं नाही.

हे पुस्तक त्या नॉबच्या मागे काय असतं याबद्दल आहे. मॉड्युलर सिंथेसायझर हे सुटे भाग जोडून उभं करायचं वाद्य. एक मॉड्यूल कंपनं निर्माण करतं, दुसरं ती गाळतं, तिसरं आवाज कधी उठायचा आणि कधी विरायचा ते ठरवतं. कोणी कोणाचं ऐकायचं हे वाजवणारा वायरी जोडून ठरवतो. या सगळ्यांपैकी मी फक्त गाळणाऱ्या मॉड्यूलवर लिहिलं आहे, तेही ॲनालॉग, म्हणजे ज्यात आवाजाचं आकड्यांत रूपांतर होत नाही, विद्युतप्रवाहच शेवटपर्यंत आवाज वाहून नेतो. विषय अरुंद वाटेल. पण सिंथेसायझरच्या आवाजाला आपण ज्या गोष्टीवरून ओळखतो, तिचा मोठा वाटा याच खोलीत राहतो, असं माझं पक्कं मत आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे करवती तरंग शेजारी ठेवले तर चांगल्या कानालाही फरक सांगताना विचार करावा लागतो. तेच तरंग त्या-त्या कंपनीच्या फिल्टरमधून काढा, पहिल्या दोन सेकंदांत कळतं.

फिल्टर करतो काय, हे समजायला यंत्र लागत नाही. एकाच सुरात ‘ऊ’ म्हणा आणि सूर न सोडता ‘आ’वरून ‘ई’वर जा. गळा तिन्ही वेळा तीच कंपनं देतो. बदलते ती तोंडाची पोकळी. ती काही उपस्वरांना वाट देते, काहींना अडवते, आणि त्या निवडीला आपण स्वर म्हणतो. लो-पास फिल्टर ठरावीक मर्यादेच्या वरचं अडवतो, हाय-पास खालचं. बँड-पास मधला पट्टा ठेवतो, नॉच नेमका तेवढाच काढतो. व्याख्या इतक्याच. मर्यादेच्या त्या बिंदूला कटऑफ म्हणतात, आणि त्या बिंदूपाशीच्या उपस्वरांना मुद्दाम फुगवण्याला रेझोनन्स. पण व्याख्या सोप्या असल्या म्हणजे गोष्ट सोपी असते असं नाही. आत्याच्या दोऱ्याचंच घ्या. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या एका टिपणात दाखवलं होतं, की तार जिथे छेडली त्या जागेच्या हिशेबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, ते तंबोऱ्यात आणि वीणेत उमटतात. कारण घोडीची पाठ वक्र आहे आणि कंप पावणारी तार तिला घासत राहते. म्हणजे ही घासण, जिला जवारी म्हणतात, फक्त निवड करत नाही. ती पदरचं काही घालते.

फिल्टरचंही नेमकं तसंच आहे, आणि हे एवढं सांगायला मी पुढची दहा प्रकरणं लिहिली आहेत. गाळणी काय काढून टाकते हे गणितात मांडता येतं, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. काढता काढता ती स्वतःचं काय मिसळते, ते मात्र सर्किटगणिक बदलतं, आणि त्यामुळेच ती वाद्य होते.

रॉबर्ट मूग यांच्या शिडीपासून सुरुवात करण्यावाचून पर्याय नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग गावात मूग यांचं छोटं वर्कशॉप होतं. संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने १९६४ साली त्यांनी व्होल्टेजने चालणाऱ्या वाद्याचे पहिले भाग बनवले, आणि पुढच्याच वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात व्होल्टेजने चालणाऱ्या फिल्टरवर निबंध वाचला. त्यांच्या सर्किटला पेटंट मिळालं १९६९ साली. त्याचं चित्र पाहिलं की नाव आपोआप सुचतं. ट्रान्झिस्टरचे दोन खांब शेजारी-शेजारी उभे, आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यांसारखे आडवे चार कपॅसिटर. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला आवाज मोठा करणारा भाग आठवतो. इथे मूग यांनी त्याला वेगळंच काम दिलं. ट्रान्झिस्टरमधून जाणारा प्रवाह कमी-जास्त केला की त्याचा अंगचा रोध बदलतो. तोच रोध त्यांनी कपॅसिटरशी जोडून गाळायला वापरला. सगळ्या शिडीतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून एक प्रवाह बदलला की चारही पायऱ्या एकदम सरकतात. एका व्होल्टला एक सप्तक, असा हिशेब. ज्या व्होल्टेजने सूर चढतो त्याच व्होल्टेजने फिल्टरही चढतो, आणि कीबोर्डच्या दोन्ही टोकांना आवाजाचा पोत सारखा राहतो. त्यांच्या वाद्यात या फिल्टरचं मॉड्यूल ९०४ए या क्रमांकाने बसवलेलं असे आणि रेझोनन्सच्या नॉबवर ‘रीजनरेशन’ असं लिहिलेलं असे. मला हा शब्द जास्त आवडतो. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत आणून त्याला नवा जन्म द्यायचा, असा त्याचा अर्थ लागतो.

ती परत आणण्याची क्रिया जरा थांबून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पायरी कटऑफपाशी आवाज दोनाच्या वर्गमुळाने भागते आणि तरंगाला ४५ अंशांनी मागे ढकलते. चार पायऱ्यांनंतर आवाज एक चतुर्थांश उरलेला असतो आणि तरंग १८० अंशांनी, म्हणजे नेमका उलटा झालेला असतो. आता हा उलटा तरंग पुन्हा उलटा करून आत सोडला, तर तो मूळ तरंगाच्या पावलात पाऊल टाकतो. आणि सोडताना चौपट केला, तर जेवढं गमावलं तेवढं भरून निघतं. मग बाहेरून काही आलं नाही तरी चालतं. फिल्टर स्वतःच गाऊ लागतो, स्वच्छ, गोल, बासरीच्या जवळ जाणाऱ्या सुरात. पण याची किंमत मोजावी लागते. हाच परतीचा आवाज खालच्या सुरांना मात्र विरोध करतो, आणि फिल्टर गाण्याच्या बेतात येईपर्यंत खर्ज एक पंचमांशावर आलेला असतो. मूगचा रेझोनन्स वाढवला की आवाज पातळ होतो, ही तक्रार अनेक वादक करतात. नंतरच्या कित्येकांनी ही उणीव दुरुस्त करणारी सर्किटं काढली. मला मूळचं तसंच आवडतं. खर्ज बाजूला होतो तेव्हाच वरच्या शिट्टीला उभं राहायला जागा मिळते.

आणि मग येतं ते मिसळणं. ट्रान्झिस्टरची जोडी अगदी लहान आवाज तेवढा सरळ वागवते. खोलीच्या तापमानाला जे २६ मिलिव्होल्टचं माप आहे, त्याच्या आसपास तरंग पोचला की त्याचे शेंडे गोलावू लागतात. शेंडा गोलावला की मुळात नसलेले विषम उपस्वर जन्माला येतात. दोन खांबांतले ट्रान्झिस्टर तंतोतंत जुळे नसतील, आणि ते कधीच नसतात, तर थोडे समही येतात. शिवाय हे गोलावणं एका जागी होत नाही. थोडं पहिल्या पायरीवर होतं, तिथून गाळून पुढच्या पायरीवर, आणि परत आत आलेल्या आवाजावर पुन्हा. ‘मूग जाड वाजतो,’ असं वादक म्हणतात तेव्हा ते याबद्दल बोलत असतात. संगणकावर हे उतरवू पाहणाऱ्यांनी आधी नुसती गाळण्याची गणितं उतरवली आणि त्यातून आलेला आवाज बेचव निघाला. प्रत्येक पायरीवरचं गोलावणं हिशेबात घेतलं तेव्हा कुठे त्याला चव आली.

मी पहिली शिडी बांधली ती बीसी५४७ ट्रान्झिस्टरांनी, ब्रेडबोर्डवर. सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. सर्किट चालू झालं, फिल्टर गाऊ लागला, आणि सूर काही केल्या जागेवर राहीना. पंखा लावला की एकीकडे, बंद केला की दुसरीकडे. दोन दिवस मी पॉवर सप्लायला दोष देत होते. तिसऱ्या दिवशी व्होल्टेजचं प्रवाहात रूपांतर करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एकाला, सैल बसलाय का हे पाहायला, मी चिमटीत धरलं. सूर चढायला लागला. एखाद्या गवयाने मींड घ्यावी तसा, सावकाश, चार-पाच अर्धस्वर. बोटं काढली, तो हळूहळू घरी परतला. दुसऱ्याला धरलं, तसाच उतरत गेला. कारण नंतर कागदावर सापडलं. या जोडीत एक सप्तक म्हणजे जेमतेम १८ मिलिव्होल्ट, आणि ट्रान्झिस्टर एका अंश सेल्सिअसने तापला की त्याचं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने सरकतं. म्हणजे एका अंशाला अर्धस्वरापेक्षा जास्त! म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर सपाट पाठीला पाठ लावून चिकटवायचे, तापले तर दोघं मिळून तापतील. तरीही अंशाला तीनशेवा हिस्सा इतकी चूक उरते, ती भरून काढायला तापमानाबरोबर तेवढाच वाढणारा खास रेझिस्टर त्यांच्या अंगाला टेकवून बसवायचा. मुंबईच्या मे महिन्यात हा रेझिस्टर असलेलं आणि नसलेलं मॉड्यूल शेजारी ठेवून ऐका. या पुस्तकातलं सहावं प्रकरण वाचायची गरज उरणार नाही.

मूग यांच्या शिडीला पेटंटचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाने इतरांना दुसऱ्या वाटा शोधायला लावल्या. लंडनच्या ईएमएस कंपनीच्या १९६९ सालच्या व्हीसीएस३ सिंथेसायझरमध्ये डेव्हिड कॉकरेल यांनी डायोडची शिडी वापरली. डायोडच्या शिडीत पायऱ्या स्वतंत्र नसतात, प्रत्येकीचा भार शेजारणीवर पडतो, त्यामुळे गाळण्याची धार बोथट होते आणि रेझोनन्सला एक रबरी ताण येतो. हीच जात पुढे जपानच्या रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या बेस यंत्रात उतरली. ते यंत्र मॉड्युलर नाही, तरी त्याचा फिल्टर इतक्या जणांनी मॉड्यूल करून विकला आहे की त्याला वगळणं अन्यायाचं होईल. आणि त्याला वगळू नये याचं माझं दुसरंही कारण आहे. १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाने याच फिल्टरचे नॉब फिरवत ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढला आणि ॲसिड हाउस नावाचा प्रकार जगभर गेला, असा इतिहास सांगितला जातो. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने हेच यंत्र घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी वाजवली होती. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस. तेव्हा ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले. ‘ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. शिकागोकरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. मला त्यात मोलाचं वाटतं ते वेगळं. रागाचे स्वर ठरलेले, ठेका ठरलेला, आणि त्याखाली बदलत राहतो तो आवाजाचा पोत. एका अनुभवी वादकाने यंत्रातली नेमकी ही जागा ओळखली, आणि त्याला ती कोणी शिकवली नव्हती.

बाकीच्या घराण्यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत, इथे फक्त ओळख. कॉर्ग कंपनीच्या १९७८च्या एमएस-२० सिंथेसायझरचा फिल्टर रेझोनन्स वाढवला की किंचाळतो. टॉम ओबरहाइम यांच्या १९७४च्या एसईएम सिंथेसायझरमधला फिल्टर सौम्य, एकाच नॉबने लो-पासवरून नॉचमधून हाय-पासवर नेणारा. गाण्यामागे वाजवायला मला तोच हवा असतो. इंग्लंडच्या वास्प या स्वस्त सिंथेसायझरमध्ये तर ख्रिस हगेट यांनी डिजिटल कामासाठी बनवलेल्या, फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ जाणणाऱ्या चिपा मधल्या अवस्थेत अडकवून ॲनालॉग आवाजासाठी राबवल्या. त्या कुरकुरतात, आणि ती कुरकुरच लोकांना हवी असते.

कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांचा विचारच निराळा होता. त्यांच्या लो-पास गेटमध्ये एक दिवा आणि प्रकाशाने रोध बदलणारा एक तुकडा एका काळ्या डबीत बंद केलेले असतात; त्या डबीला व्हॅक्ट्रोल म्हणतात. व्होल्टेज आलं की दिवा उजळतो, रोध उतरतो, आवाज मोठा होतो आणि त्याच क्षणी उजळही होतो. व्होल्टेज गेलं तरी तो तुकडा अंधाराला लगेच सरावत नाही, रेंगाळतो. देवळातली घंटा आठवा. टोल पडताच जो झणझणीत भाग असतो तो आधी विरतो, आणि मागे नुसता खालचा घुमारा राहतो. आघाताने वाजणाऱ्या बहुतेक वस्तू अशाच विझतात, वरून खाली. बुक्लांच्या गेटमधून गेलेला साधा तरंगही त्यामुळे लाकडावर, कातड्यावर किंवा धातूवर टिचकी मारल्यासारखा वाजतो. हे मंदपण व्हॅक्ट्रोलचा दोष म्हणून मोजलं जाई. बुक्लांनी त्यावर वाद्य उभं केलं.

आपल्या देशात हे सगळं फार उशिरा पोचलं, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभा करून दिला. मूग यांच्या शिडीला पेटंट मिळालं तेच हे वर्ष! त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. स्वतः गीताबाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत काम केलं. मग ध्वनिफिती कपाटात गेल्या आणि तिथेच राहिल्या. इंग्लंडचे कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आनंदापेक्षा हळहळ जास्त वाटली. मधली पन्नास वर्षं हे आवाज कोणाच्या कानांवर पडले असते तर कोणी तरी सोल्डरिंग गन हातात घेतली असती.

आज ती घेणं अवघड राहिलेलं नाही. जर्मनीच्या डीटर डॉपफर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात ए-१०० मालिका आणली आणि तिची मापं सगळ्यांनी उचलली: १२८.५ मिलिमीटर उंची, अधिक-उणे १२ व्होल्ट, साडेतीन मिलिमीटरचे जॅक. त्यालाच युरोरॅक म्हणतात. एका शिडीचे भाग लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबा परिसरात एका दुपारी जमतात. दोन गोष्टींची मात्र कळकळीने सूचना देते. उत्पादन बंद झालेल्या जुन्या चिपा कोणी स्वस्तात देऊ केल्या तर घेऊ नका. एका विक्रेत्याकडून मी दहा सीए३०८० घेतल्या होत्या, वरचं छापील नाव अस्सल, आत भलतंच काही. एकही चालली नाही. आणि पॉवरची चपटी केबल लावताना तिच्या कडेचा लाल पट्टा कुठे आहे ते दोनदा पाहा. लाल म्हणजे अधिक, अशी आपल्या हाताला सवय असते. युरोरॅकमध्ये तो पट्टा उणे १२ व्होल्टच्या बाजूला असतो. महिनाभर जपून बांधलेलं माझं एक मॉड्यूल या एका समजुतीपायी निमिषात जळालं, आणि तो वास अजून नाकात आहे.

शब्दांबद्दल थोडं. कटऑफ, रेझोनन्स, कपॅसिटर हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण दुकानात जाऊन आपण तेच मागतो. पण कान जे टिपतो त्याला आपल्याकडे शतकानुशतकं घासूनपुसून लख्ख झालेले शब्द आहेत: जवारी, आस, घुमारा, किनार, गोलाई, खर्ज. ते इंग्रजी पुस्तकांत नाहीत. फिल्टर ऐकताना मी ते मोकळेपणाने वापरले आहेत, आणि ते इतके चपखल बसत गेले की हे पुस्तक मराठीत लिहिणं मला सोपं गेलं.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी प्रकरणांतली गणिताची चौकट आधी वाचावी, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी ती खुशाल ओलांडावी. पण दोघांनीही जवळ एक करवती तरंग देणारं काहीतरी ठेवावं, फोनवरचं ॲपही चालेल, आणि हेडफोन. पहिल्या प्रकरणाला एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि दोन वायरी लागतील. रेझिस्टर दहा किलोओहमचा घ्या.